टाके निघाल्यानंतर

आजचं व्याख्यान बायपासबद्दल आहे. पण सुरुवात एका अशा शस्त्रक्रियेपासून करावी लागेल, जी आज कोणीच करत नाही.

छातीच्या मधल्या हाडामागून, डाव्या आणि उजव्या बाजूला, एकेक बारीक धमनी खाली उतरते. तिचं नाव इंटर्नल मॅमरी. १९३९ साली इटलीत फिएस्की या सर्जनने ही धमनी दोऱ्याने बांधून टाकली. विचार असा की, खालची वाट बंद झाली की अडलेलं रक्त हृदयाकडे वळेल. पाटाला बांध घातला की पाणी शेजारच्या वाफ्यात जातं, तसं. १९५० च्या दशकात ही शस्त्रक्रिया अमेरिकेत पसरली. ती सोपी होती. छाती उघडायची नाही, भूल त्या जागेपुरती, दोन लहान छेद, दोन गाठी. छातीत कळ येणारे रुग्ण नंतर सांगायचे की कळ कमी झाली, जिभेखालच्या गोळ्या कमी लागतात, जास्त चालता येतं. ‘रीडर्स डायजेस्ट’ने तिच्यावर लेखही छापला.

सिअ‍ॅटलमध्ये लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट पडताळून पाहायचं ठरवलं. १७ रुग्ण निवडले. प्रत्येकाच्या छातीवर छेद घेतला, धमनी उघडी केली आणि त्या क्षणी सर्जनच्या हाती एक बंद पाकीट दिलं. आत चिठ्ठी होती: बांधा, किंवा बांधू नका. ८ जणांची धमनी बांधली गेली. ९ जणांची तशीच सोडून कातडी शिवली. आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आला. बरं वाटण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच होते. कॅन्सासमध्ये डाइमंड यांनी १८ रुग्णांवर हाच प्रयोग केला. त्यातल्या ५ जणांची कातडी फक्त कापून शिवली होती, आणि त्या पाचही जणांनी आपल्याला आराम पडल्याचं सांगितलं.

या रुग्णांना खोट्या छेदाची शक्यता स्पष्ट शब्दांत सांगितलेली नव्हती. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि करूही नये. पण त्या ३५ माणसांमुळे एक शस्त्रक्रिया संपली आणि हजारो लोक व्यर्थ कापले जाण्यापासून वाचले. त्यांना आराम पडला होता, ते खोटं बोलत नव्हते. मात्र तो आराम गाठीमुळे पडलेला नव्हता.

ही मॅमरी धमनी लक्षात असू द्या. ती पुढे पुन्हा येणार आहे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जिवंत माणसात नीट दिसल्या, त्या एका चुकीमुळे. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडण्याच्या तयारीत होते. नळीचं टोक सरकलं आणि सगळं द्रव्य थेट उजव्या कोरोनरी धमनीत गेलं. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्स यांनी त्याला जोरात खोकायला लावलं आणि ते पुन्हा सुरू झालं. पडद्यावर मात्र ती धमनी फांद्यांसकट उमटली होती. आज तालुक्याच्या गावातही ‘अँजिओग्राफी करून घ्या’ असं सहज म्हटलं जातं, त्या तपासणीचा जन्म तिथे झाला. अडथळा कुठे आहे हे दिसू लागल्यावर तो वळसा घालून ओलांडण्याचा विचार पुढे येणारच होता. १९६४ मध्ये लेनिनग्राडला वसिली कोलेसोव्ह यांनी तीच मॅमरी धमनी, या वेळी बांधण्याऐवजी, धडधडत्या हृदयाच्या धमनीला शिवली. जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मे १९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून ती वापरली, आणि बायपास जगभर गेली ती या पायाच्या शिरेवरून. फावालोरो अर्जेंटिनाचे. क्लीव्हलंडला येण्यापूर्वी त्यांनी ला पाम्पा प्रांतातल्या एका लहान गावात १२ वर्षं डॉक्टरकी केली होती, आणि कीर्तीच्या शिखरावर असताना, १९७१ मध्ये, ते मायदेशी परत गेले.

शिरेचा फायदा असा की ती लांब असते, जाड असते, काढायला सोपी आणि शिवायला सोपी. दहा वर्षांच्या आत अमेरिकेत बायपास ही रोजची गोष्ट झाली. रुग्ण सांगत होते, कळ गेली. सर्जन सांगत होते, आयुष्य वाढलं. मॅमरी बांधण्याचा किस्सा ज्यांना आठवत होता, ते मात्र अस्वस्थ होते.

शंका रास्त होती. समजा एका सर्जनने १०० रुग्णांवर बायपास केली आणि त्यातले ९० जण पाच वर्षांनी हयात आहेत. शेजारच्या वॉर्डात नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्या १०० जणांपैकी ८० हयात आहेत. यातून बायपास श्रेष्ठ ठरते का? ठरत नाही. कारण सर्जनने टेबलावर घेतले ते दणकट लोक. ज्यांची किडनी खराब, फुप्फुसं निकामी, वय जास्त, ते गोळ्यांवर राहिले. तुलना उपचारांची होत नाही, माणसांची होते. यावर उपाय एकच: कोणाला काय मिळेल हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णाने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ते केलं. १९७७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात डाव्या मुख्य धमनीचा आजार नसलेले ५९६ रुग्ण होते. तीन वर्षांनंतर गोळ्यांवरचे ८७ टक्के आणि बायपास झालेले ८८ टक्के हयात होते. फरक जवळपास शून्य. सर्जन मंडळी खवळली. त्यांचं म्हणणं, या रुग्णालयांत शस्त्रक्रियेतच ५.६ टक्के रुग्ण दगावले, इतक्या मृत्यूंनंतर फायदा दिसणार कसा? त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण ज्या मोजणीवर ते चिडले होते, त्याच प्रकल्पाने एक गोष्ट आधीच ठामपणे दाखवून दिली होती: डावी मुख्य धमनी अरुंद झालेल्यांचे प्राण बायपासने वाचतात. म्हणजे प्रश्न ‘बायपास चांगली की वाईट’ असा राहिला नाही. तो ‘कोणासाठी’ असा झाला, आणि संशोधनाची खरी प्रगती तिथून सुरू झाली.

युरोपात ७६८ पुरुषांची अशीच चाचणी झाली. तिथे पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटातले ९२ टक्के, तर गोळ्यांच्या गटातले ८३ टक्के हयात होते. अमेरिकेतल्या ७८० रुग्णांच्या तिसऱ्या चाचणीत मात्र एकूण फरक नगण्य निघाला. वर्तमानपत्रांना मथळा मिळेना, डॉक्टरांना निर्णय मिळेना. अखेर १९९४ मध्ये सलीम युसुफ यांनी अशा सात चाचण्यांतल्या २,६४९ रुग्णांची माहिती एकत्र केली. युसुफ मूळचे केरळचे, शिक्षण बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात, आणि पुढे हृदयविकारावरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये जगातलं एक अग्रगण्य नाव. एकत्रित हिशेब असा निघाला: पाच वर्षांत मृत्यू बायपासच्या गटात १०.२ टक्के, गोळ्यांच्या गटात १५.८ टक्के. दहा वर्षांनी २६.४ आणि ३०.५. ज्यांच्या तीन धमन्या किंवा डावी मुख्य धमनी रोगट, त्यांना सर्वाधिक फायदा.

हे आकडे पुन्हा पाहा. पाच वर्षांना जे अंतर साडेपाच टक्क्यांचं होतं, ते दहा वर्षांना चारावर आलं. असं का व्हावं? एक कारण असं की, गोळ्यांच्या गटातल्या ४१ टक्के रुग्णांची दहा वर्षांत शेवटी बायपास झालीच. दुसरं कारण पायाच्या शिरेत आहे. शीर ही कमी दाबाखाली रक्त वाहून नेण्यासाठी घडलेली. तिला धमनीच्या जागी बसवली की महाधमनीचा दाब ती रोज लाखभर ठोक्यांनी सोसते. तिचं अस्तर जाड होतं, त्यात चरबी साचते आणि दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात. या सात चाचण्यांत मॅमरी धमनी वापरलेले रुग्ण १० टक्केही नव्हते.

आणि इथे ती धमनी परत येते. १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्या फ्लॉइड लूप यांनी आपल्याच रुग्णालयातल्या ५,९३१ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला ज्यांना मॅमरी जोडली होती त्यांच्या तुलनेत, फक्त शिरा जोडलेल्यांचा मृत्यूचा धोका १.६१ पट होता. मॅमरीत चरबी क्वचितच साचते, ती दहा-पंधरा वर्षांनंतरही दहातल्या नऊ रुग्णांत वाहती असते. एका पिढीने जी निरुपयोगी गाठ मारून बांधून टाकली, तीच धमनी दुसऱ्या पिढीला सर्वांत टिकाऊ मिळाली. आज बायपास झालेल्या कोणाचंही डिस्चार्ज कार्ड उघडा, त्यावर ‘लिमा टू एलएडी’ ही अक्षरं बहुधा असतील. लिमा म्हणजे डावी मॅमरी, एलएडी म्हणजे हृदयाची ती पुढची मुख्य धमनी.

मग दोन्ही बाजूंच्या मॅमरी वापरल्या तर? तर्काला पटणारी गोष्ट. पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांनी तसंच सांगितलं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगार्ट यांनी मग चिठ्ठ्या टाकून ३,१०२ रुग्णांची चाचणी घेतली. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ती झाली आणि त्या सात देशांत भारतही होता. दहा वर्षांनंतर मृत्यू दोन मॅमरींच्या गटात २०.३ आणि एका मॅमरीच्या गटात २१.२ टक्के. फरक जवळपास नाहीच. एका मॅमरीच्या गटातल्या अनेकांना हाताची धमनीही मिळाली होती आणि दोन मॅमरी ठरलेल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात एकच मिळाली, म्हणून वाद अजून मिटलेला नाही. तर्क कितीही सुरेख असला तरी रुग्णाच्या छातीत तो खरा ठरतोच असं नाही, हे या क्षेत्राने पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

धडधडत्या हृदयावर, म्हणजे हृदय थांबवून त्याचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनशिवाय, करायच्या बायपासची हकीकतही तशीच. भारतात, विशेषतः मुंबईत, ही पद्धत फार लवकर आणि फार कौशल्याने रुळली. मशीन नको म्हणजे मेंदूला इजा कमी, रक्त कमी लागेल, खर्च कमी, अशी अपेक्षा होती. ४,७५२ रुग्णांच्या एका चाचणीत १९ देश होते, भारतातले रुग्णही मोठ्या संख्येने होते. तिच्यात पाच वर्षांनी दोन्ही पद्धती बरोबरीत आल्या. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या २,२०३ रुग्णांच्या चाचणीत मात्र पाच वर्षांत मशीनशिवाय केलेल्या गटात १५.२ टक्के मृत्यू झाले, मशीनवरच्या गटात ११.९ टक्के. ही दोन उत्तरं परस्परविरोधी वाटतात. त्यांची सांगड घालता येते ती सर्जनच्या हाताकडे पाहिल्यावर. पहिल्या चाचणीत ज्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं केली होती अशांनाच प्रवेश होता. म्हणून ‘मशीनवर की मशीनशिवाय’ हे विचारण्याआधी ‘तुम्ही अशा किती केल्या’ हे विचारावं.

मधुमेही रुग्णांबद्दल थोडक्यात सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत तो प्रश्न आहे. २०१२ मध्ये १,९०० मधुमेही रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अनेक धमन्या रोगट असलेल्यांत धमनीत जाळी बसवणारे स्टेंट चांगले की बायपास? पाच वर्षांत मृत्यू स्टेंटच्या गटात १६.३ टक्के, बायपासच्या गटात १०.९. त्याच अहवालात हेही लिहिलं होतं की पक्षाघात बायपासच्या गटात ५.२ टक्क्यांना झाला, स्टेंटच्या गटात २.४. रुग्णाला हे दोन्ही आकडे एकाच बैठकीत मिळायला हवेत. एक सांगून दुसरा लपवणं हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे.

आणखी एक गोष्ट घरची माणसं बोलतात, पण बराच काळ कोणी मोजली नव्हती. ‘बायपासनंतर बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत, विसरतात, चिडतात.’ २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या २६१ रुग्णांच्या अभ्यासाने स्मरणशक्ती आणि आकलन मोजलं. डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के जणांत घट, सहा महिन्यांनी २४, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. लोक घाबरले. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये बायपास न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तेव्हा वर्षानुवर्षांची घसरण त्यांच्यातही तशीच दिसली. तिच्यामागे मशीनपेक्षा रक्तवाहिन्यांचा मूळ आजार अधिक असावा. तरीही पहिल्या काही आठवड्यांतली घट खरी असते, आणि घरच्यांना ती आधी सांगितली तर ते रुग्णाला जास्त सांभाळून घेतात.

इथवर चाचण्यांचं बोललो. पण बायपासच्या निष्पत्तीचं संशोधन फक्त ‘कोणता उपचार’ एवढ्यावर थांबलं असतं, तर ते अपुरं राहिलं असतं. तीच शस्त्रक्रिया, तसाच रुग्ण, पण एका रुग्णालयात जगतो आणि दुसऱ्यात दगावतो, असं होतं का?

हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी, बायपासच्या कितीतरी आधी. त्यांचं म्हणणं, प्रत्येक रुग्णाला वर्षभराने गाठून विचारा: बरे आहात का? नसाल तर का नाही? त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका झाल्याचं स्वतः छापून जाहीर केलं. शहरातल्या प्रतिष्ठित डॉक्टरांनी त्यांना वाळीत टाकलं. १९४० मध्ये ते वारले तेव्हा थडग्यावर दगडही बसला नाही. तो बसवायला २०१४ साल उजाडलं.

कॉडमन यांची कल्पना पुन्हा उभी राहिली ती बायपासमुळे. १९८७ मध्ये मेन, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतल्या हृदयशल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन आपले आकडे एकमेकांना दाखवायला सुरुवात केली. मग त्यांनी जे केलं ते आजही दुर्मीळ आहे. ते एकमेकांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. सर्जन, भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारे, नर्स, सगळे. स्पर्धक रुग्णालयात उभं राहून त्यांनी पाहिलं: इथे थंड केलेल्या रुग्णाला पुन्हा केव्हा गरम करतात, मशीनवरून केव्हा उतरवतात, कोण कोणाशी बोलतं. कोणी कोणावर बोट ठेवलं नाही. १९९६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्यांच्याकडे बायपासच्या रुग्णालयीन मृत्यूंत २४ टक्के घट झाली. अपेक्षेपेक्षा ७४ माणसं कमी मेली.

न्यूयॉर्कने दुसरा मार्ग धरला. तिथे १९८९ पासून राज्य सरकारने प्रत्येक रुग्णालयाची माहिती सक्तीने गोळा केली. रुग्ण किती आजारी होता याचा हिशेब धरून मृत्यूचं प्रमाण काढलं. ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यायालयात जाऊन सर्जनवार आकडेही मिळवले आणि १९९१ मध्ये छापले. गदारोळ झाला. पण असा हिशेब धरून काढलेलं मृत्यूचं प्रमाण १९८९ मध्ये ४.१७ टक्के होतं, ते १९९२ मध्ये २.४५ वर आलं. टीकाकार म्हणाले, सर्जन धोक्याचे रुग्ण नाकारू लागतील. काही नाकारलेही गेले असतील, ही भीती गंभीरपणे घ्यायलाच हवी. पण ऑल्बनीच्या सेंट पीटर्स रुग्णालयात काय झालं तेही पाहायला हवं. त्यांचे आकडे वाईट आले. त्यांनी आधी हिशेबाला दोष दिला, मग स्वतःच्या फायली काढल्या. दिसलं असं की, तातडीने बायपास केलेल्या ४२ रुग्णांपैकी ११ दगावले होते. रक्तदाब कोसळलेल्या, नुकताच झटका आलेल्या रुग्णाला ते तडक टेबलावर घेत होते. पुढच्या वर्षी त्यांनी आधी रुग्ण स्थिर करायचा आणि मग छाती उघडायची असा क्रम लावला. १९९३ मध्ये तातडीच्या ५४ रुग्णांपैकी एकही गेला नाही. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं, सर्जनही बदलले नव्हते.

आता आपल्याकडे यावं. हृदयशस्त्रक्रियेत महाराष्ट्र मागे कधीच नव्हता. फेब्रुवारी १९६८ मध्ये, पहिल्या हृदयप्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं होतं. आज पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इथे रोज बायपास होतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेतून शेतमजूर आणि रिक्षावाल्यांच्याही होतात. हे मोठं काम आहे. मात्र कोणत्या रुग्णालयात किती रुग्ण वाचतात, हे न्यूयॉर्कच्या नागरिकाला तीसहून अधिक वर्षांपूर्वी वाचायला मिळालं, ते महाराष्ट्राच्या नागरिकाला आजही मिळत नाही. शेजारी सांगतात, नात्यातला डॉक्टर सांगतो, आणि त्यावर माणूस छाती उघडून घेतो. असा हिशेब मांडायचा तर रुग्णाला मुळात किती धोका होता हेही मोजावं लागतं; पण त्यासाठी युरोपात १९९९ मध्ये तयार झालेलं मोजमाप १९,०३० रुग्णांवर बेतलेलं होतं. ते आठ युरोपीय देशांतले रुग्ण होते. त्यात आपला एकही नव्हता.

जनआरोग्य योजनेत प्रत्येक बायपासची कागदपत्रं, अँजिओग्राफीचा अहवाल, डिस्चार्जची तारीख, हे सगळं संगणकावर आधीच जातं, कारण त्याशिवाय रुग्णालयाला पैसे मिळत नाहीत. त्यात एक रकाना वाढवावा. शस्त्रक्रियेला एक वर्ष झालं की रुग्णाच्या घरी एक फोन जावा आणि तीन प्रश्न विचारले जावेत: रुग्ण हयात आहे का, कळ येते का, कामावर गेला का? उत्तरं रुग्णालयवार, आजाराच्या तीव्रतेचा हिशेब धरून, दरवर्षी मराठीत छापली जावीत. इथे बसलेल्या डॉक्टरांना विनंती, की ही मागणी बाहेरून येण्याची वाट न पाहता तुमच्या संघटनेतून करा आणि शेजारच्या रुग्णालयातल्या सर्जनला आपल्या थिएटरमध्ये बोलवा. आणि ज्यांच्या घरात कोणाची बायपास ठरली आहे, त्यांनी सही करण्याआधी एवढं जरूर विचारावं: गेल्या वर्षी इथे किती झाल्या, त्यातले किती वाचले, आणि वर्षानंतर ते कसे आहेत?